‘वेट’ की ‘ड्राय’? एका चुकीच्या प्रश्नाचा इतिहास

१/
धागा. मोटारींच्या समाजमाध्यमी चावडीवर एक वाद वर्षानुवर्षे धुमसतो आहे. गाडीला नायट्रस बसवायचा तर ‘वेट’ की ‘ड्राय’? एक पक्ष म्हणतो, वेट हीच खऱ्या शर्यतवीरांची पद्धत, ड्राय म्हणजे भित्र्यांची पळवाट. दुसरा म्हणतो, ड्राय सुरक्षित, कारण ‘महायुद्धातल्या जर्मन विमानांत तीच होती’. दोघेही इतिहासाला साक्षीला बोलावतात आणि त्याची साक्ष पुरती ऐकून न घेताच निकाल देतात.

२/
या वादात माझे हातही स्वच्छ नाहीत. दोन वर्षांपूर्वी मीच जर्मन विमानांतील नायट्रसवर धागा लिहिला होता. त्यात मोठ्या ऐटीत एक विधान केले होते, की ड्राय पद्धत ‘युद्धात सिद्ध झालेली’ आहे. एका मित्राने ते विधान गॅरेजमध्ये दाखवले आणि तशीच जोडणी करून घेतली. तिसऱ्या धावेत एका पिस्टनला भोक पडले. इंजिन त्याचे गेले. वाक्य माझे होते. हा धागा म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती आहे.

३/
माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. वेट आणि ड्राय हे दोन पंथ नाहीत. ‘इंजिनात इंधन कोणत्या वाटेने येते?’ या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरे आहेत. तो प्रश्न इंजिनाच्या आराखड्यातच सुटलेला असतो. किट विकत घेणाऱ्याच्या वाट्याला ते उत्तर वाचण्याचे काम येते. इतिहास न वाचता ‘श्रेष्ठ कोण’ म्हणून भांडणारा माणूस पिस्टनवर जुगार खेळत असतो.

४/
प्रथम रसायन, थोडक्यात. नायट्रस ऑक्साइड हे इंधन नव्हे. सिनेमात आणि संगणकीय खेळांत बटण दाबताच निळी ज्वाळा निघते, तो चित्रकाराचा कल्पनाविलास. हा वायू ऑक्सिजन वाहून आणतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये सुमारे ३६ टक्के. सिलिंडरच्या उष्णतेत त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय बाटलीतील द्रव बाहेर पडताच उकळतो. वातावरणीय दाबाला त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे आत जाणारी हवा थंड व दाट होते.

५/
यातून एक अटळ नियम निघतो: ऑक्सिजन वाढला की इंधन वाढलेच पाहिजे. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, पण नायट्रसचे केवळ ९.६ पुरतात. इंधन कमी पडले तर मिश्रण ‘लीन’ होते, ज्वलनाचे तापमान वाढते, नॉकिंग सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन वितळू लागतो. वाद वाटतो नायट्रसचा, पण सगळे घोडे अडते ते या वाढीव इंधनापाशी.

६/
आता संज्ञा. नायट्रससोबत वाढीव इंधनही मॅनिफोल्डमध्ये फवारले, तर ती वेट पद्धत. मॅनिफोल्ड इंधनाने ओले होते. मॅनिफोल्डमध्ये नायट्रस एकटाच सोडला आणि वाढीव इंधन गाडीच्या मूळ इंजेक्टरांकडून मागून घेतले, तर ती ड्राय. ओले-कोरे होते ते मॅनिफोल्ड; नायट्रस दोन्हींकडे तोच असतो. एवढी व्याख्या नीट वाचली असती, तरी निम्मे भांडण मिटले असते.

७/
आता इतिहास. ‘नायट्रस हा नाझींचा शोध’ ही दंतकथा पहिल्याने बाजूला सारू. हा वायू जोसेफ प्रीस्टली या इंग्रज रसायनज्ञाने १७७२ साली वेगळा केला. १७९९ मध्ये ब्रिस्टलच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये तरुण हम्फ्री डेव्ही तो स्वतः हुंगून प्रयोग करत होता. १८००च्या त्याच्या ग्रंथात त्या नशेइतकीच या वायूतील ज्वलनाचीही नोंद आहे. कोळसा, गंधक, फॉस्फरस त्यात कसे जळतात, हे त्याने तपासले होते. लोकांनी ‘हास्यवायू’ तेवढा लक्षात ठेवला, ज्वलन विसरले.

८/
१८४४ मध्ये होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने तो भूल देण्यास वापरला आणि पुढचे शतक हा वायू वैद्यकाच्या कपाटात राहिला. पण ज्वलनाचा धागा तुटला नव्हता. १९१४ मध्ये रॉबर्ट गोडार्डला द्रव इंधनाच्या रॉकेटचे पेटंट मिळाले. त्यात पेट्रोलच्या जोडीला द्रवरूप नायट्रस ऑक्साइडचा उल्लेख आहे. दोन द्रव, दोन टाक्या, एकच ज्वलनकक्ष. जर्मन विमाने यानंतर सुमारे पाव शतकाने आली.

९/
तर आता त्या जर्मन विमानांकडे. प्रणालीचे नाव ‘जीएम-१’. प्रश्न उंचीचा होता. समुद्रसपाटीच्या तुलनेत नऊ किलोमीटरवर हवेची घनता जेमतेम ४० टक्क्यांच्या आसपास उरते. सुपरचार्जर ठरावीक उंचीपर्यंतच ही तूट भरून काढतो. तिच्या वर इंजिन गुदमरू लागते. उपाय म्हणून द्रवरूप नायट्रस सुपरचार्जरच्या मुखाशी फवारला गेला. मेसरश्मिट १०९च्या ‘ई-७/झेड’ या आवृत्तीत ही योजना होती. विरळ हवेत ऑक्सिजनची उसनवारी, एवढाच तिचा हेतू.

१०/
या विमानातील डाइमलर-बेन्झ ६०१ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पंपाने सोडले जाई. सुपरचार्जरमधून आणि मॅनिफोल्डमधून फक्त हवाच वाहत असे. म्हणजे ती वाट मुळातच कोरडी होती आणि नायट्रस त्या कोरड्या वाटेने गेला. जर्मनांनी वेट-ड्रायचा तौलनिक विचार करून ड्रायला कौल दिला, असे यातून सिद्ध होत नाही. इंजिनाची इंधनव्यवस्था आधीच ठरलेली होती. नायट्रस तिच्या मागून आला.

११/
येथे स्वतःलाच टोकले पाहिजे. जीएम-१ला ‘ड्राय’ म्हणणे हा कालविपर्यास आहे. वेट-ड्राय ही परिभाषा पुढे मोटारींच्या जगातून रूढ झाली. समजावण्यापुरती आजची संज्ञा जुन्या वस्तूला लावता येते. मात्र त्या संज्ञेसोबत आजचे भांडणही भूतकाळात नेले, की इतिहास संपून वकिली सुरू होते. दोन वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते.

१२/
आता इंग्लिश खाडीच्या पलीकडे. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात कार्ब्युरेटर होता. पेट्रोल सुपरचार्जरच्या आधीच हवेत मिसळे. ते बाष्प होताना मिश्रण थंड करी. ही थंडाई शक्ती वाढवते, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे ही वाट मुळातच ओली. १९४४ मध्ये ब्रिटिशांनी काही मॉस्किटो रात्रकालीन लढाऊ विमानांना नायट्रस जोडला, तो याच मर्लिनला. वायू तोच, हेतू तोच, युद्धही तेच, आणि वाट मात्र ओली. ‘युद्धात सिद्ध झालेली ड्राय’ असे म्हणणाऱ्यांनी या मॉस्किटोला काय उत्तर द्यावे?

१३/
ओल्या वाटेची किंमतही ब्रिटिशांनी मोजली होती. १९४०च्या हवाई लढायांत मर्लिनचे विमान एकदम नाक खाली घालून सूर मारू लागले, की कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उसळे आणि इंजिन क्षणभर आचके देई. जर्मन इंजेक्शनला हा आजार नव्हता. १९४१च्या आरंभी बिअ‍ॅट्रिस ‘टिली’ शिलिंग या अभियंतीने इंधननलिकेत बसवायचा एक लहानसा, छिद्र असलेला धातूचा तुकडा तयार केला. इंधनाचा लोंढा आवरला गेला. कार्ब्युरेटर टाकाऊ म्हणून कोणी फेकला नाही. त्याचा दोष नेमका कोठे आहे, हे ओळखून तेवढाच दुरुस्त केला.

१४/
आणखी एक गोंधळ निस्तरू. जीएम-१ आणि ‘एमडब्ल्यू-५०’ एकच, असे सर्रास लिहिले जाते. एमडब्ल्यू-५० हे मिथेनॉल आणि पाण्याचे मिश्रण. ते कमी उंचीवर वापरत, जेथे हवा भरपूर असते, पण सुपरचार्जरचा दाब वाढवला की नॉकिंग होते. ते मिश्रण ज्वलन थंड ठेवी. नायट्रस उंचीवर लागे, जेथे हवाच नसते. टा १५२-एच या विमानात दोन्ही प्रणाल्या शेजारी शेजारी होत्या. एकच रोग असता, तर दोन औषधांचे ओझे कोणी वाहिले असते?

१५/
युद्ध संपले; जेट इंजिने आली; उंचीचा प्रश्न पिस्टन इंजिनांपुरता मिटला. मग नायट्रस जमिनीवर उतरला. फेब्रुवारी १९७६, डेटोना. पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या वेळा नायट्रसचा ठपका ठेवून रद्द करण्यात आल्या. तिसरा वेगवान चालक डेव्ह मार्सिस वेगळ्या कारणाने बाद झाला आणि अग्रस्थान रामो स्टॉट यांना मिळाले. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, माइक थर्मॉस आणि डेल वॅझ्नायन यांनी कॅलिफोर्नियात ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. चोरवाटेने आलेली वस्तू दुकानात मांडली गेली. २००१च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटाने तिला घरोघरी पोचवले.

१६/
त्या काळची अमेरिकी व्ही-८ इंजिने कार्ब्युरेटरची. मॅनिफोल्डमध्ये नायट्रस फवारला गेला, हे कार्ब्युरेटरला कळण्याचा मार्गच नव्हता. तो आपल्यातून गेलेल्या हवेपुरते पेट्रोल देई. म्हणून कार्ब्युरेटरखाली एक पातळ प्लेट बसवत. तिच्यात दोन आडव्या नळ्या, एक नायट्रसची, एक पेट्रोलची. हीच वेट पद्धत. आणि मॅनिफोल्ड ओले मिश्रण वाहून नेण्यासाठीच घडवलेले होते. ‘वेट हीच मर्दानी पद्धत’ या समजुतीचा उगम येथे आहे. मर्दानगीचा त्यात संबंध नव्हता. दुसरा मार्गच नव्हता.

१७/
मग इंजेक्शन आले. फोर्ड मस्टँगच्या ५.० लिटर व्ही-८ने १९८६ मध्ये कार्ब्युरेटर पूर्णपणे सोडला. प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी स्वतंत्र इंजेक्टर, आणि त्याआधीची लांब, वळणदार वाट फक्त हवेसाठी. अशा वाटेत आरंभीच पेट्रोल फवारले, तर जड थेंबांना वळणे घेता येत नाहीत. काही भिंतींना चिकटतात, काही तळाशी साचतात. एका सिलिंडरला जास्त इंधन, दुसऱ्याला कमी. साचलेल्या पेट्रोलला ठिणगी मिळाली, की बॅकफायर होऊन मॅनिफोल्ड फुटते. म्हणून या गाड्यांसाठी ड्राय किट निघाले. नायट्रस एकटा आत जाई, आणि बाटलीच्याच दाबाचा उपयोग करून इंधनाचा दाब वाढवला जाई, म्हणजे मूळ इंजेक्टर अधिक पेट्रोल देत.

१८/
क्रम ध्यानात घ्या. कार्ब्युरेटर होता, तोवर वेट. मॅनिफोल्ड कोरडे झाले, तेव्हा ड्राय. येथे एक पद्धत दुसरीवर विजय मिळवत नाही. इंधनाची वाट बदलते आणि नायट्रस तिच्यामागे जातो. ‘ड्राय आधुनिक, वेट जुनाट’ हे प्रगतीचे सरळ रेषेतले कथानकही तितकेच खोटे. कारण पुढच्या वळणावर रस्ता पुन्हा मागे फिरतो.

१९/
त्या वळणाचे नाव इंजेक्टरची मर्यादा. हिशेब साधा आहे. ६००० आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र २० मिलिसेकंदांत संपते. इंजेक्टर त्यातला सारा वेळ उघडा ठेवता येत नाही. ८० ते ८५ टक्के, म्हणजे १६-१७ मिलिसेकंद, ही व्यवहार्य सीमा. मूळ इंजिनच पूर्ण थ्रॉटलला १४ वापरत असेल, तर शिल्लक दोन-तीन. म्हणजे इंधनात जास्तीत जास्त २० टक्के वाढ. १०० अश्वशक्तीच्या इंजिनावर आणखी ५० हवी असेल, तर इंधन निदान निम्म्याने वाढले पाहिजे. ते येणार कोठून?

२०/
‘दाब वाढवू’ असे उत्तर येते. पण इंजेक्टरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दीडपट इंधनासाठी दाब सव्वादोनपट हवा. ३ बारचा पावणेसात बार. मूळ पंपाला ते पेलत नाही. माझ्या मित्राच्या गाडीत हेच घडले. नायट्रस वेळेवर आला, पेट्रोल आले नाही. त्याच्या पिस्टनला भोक ड्राय पद्धतीने पाडले नाही. न केलेल्या या दोन ओळींच्या हिशेबाने पाडले. आणि तो हिशेब अनावश्यक वाटावा, इतका विश्वास माझ्या धाग्याने त्याला दिला होता.

२१/
वेटपंथीयांनी इतक्यात टाळ्या पिटू नयेत. ‘वेट आपले इंधन स्वतः घेऊन येते, म्हणून सुरक्षित’ हा त्यांचा आवडता दावा. ते इंधन बहुधा त्याच टाकीतून, त्याच पंपाकडून येते. पंप अपुरा असेल, तर दोघेही उपाशी. वेटमध्ये सोलेनॉइड दोन. पेट्रोलचा अडकला आणि नायट्रसचा उघडला, तर मिश्रण लीनच होणार. नायट्रसचा अडकला, तर मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलचे तळे. दोष दोन्हींकडे आहेत. फक्त ते वेगवेगळ्या दारांनी येतात.

२२/
बाटलीचेही ऐका. २० अंशांना तिच्यातील दाब सुमारे ५० बार असतो, आणि बहुतेक किट ६२ ते ६५ बारच्या आसपास जुळवलेले. तापमान वाढले की दाब झपाट्याने वाढतो, नायट्रस जास्त येतो. वेट किटमधील पेट्रोलचे छिद्र मात्र तेवढेच राहते. ३६.४ अंश हा नायट्रसचा क्रांतिक बिंदू. त्यापुढे बाटलीत द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर जातो. थंड मुलखातल्या चित्रफितीतील जोडणी विदर्भातल्या दुपारी जशीच्या तशी लावणे, हाही भूगोलाचा कालविपर्यासच.

२३/
‘नायट्रस स्वतः जळत नाही, मग भीती कसली?’ असेही विचारले जाते. २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथे एका रॉकेट प्रकल्पात नायट्रसच्या नुसत्या प्रवाहाची चाचणी चालू होती. ज्वलन व्हायचेच नव्हते. तरी स्फोट झाला आणि तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले. हा रेणू फुटताना स्वतःच उष्णता सोडतो. त्याच्याशी पंथाभिमानाने वागता येत नाही.

२४/
‘आता ईसीयू सगळे सांभाळतो, इतिहास कशाला?’ हा शेवटचा आक्षेप. ईसीयू इंजेक्टरला आज्ञा देतो. इंजेक्टरचे छिद्र मोठे करत नाही. त्यात नव्या इंजिनांत इंजेक्शन पुन्हा थेट सिलिंडरमध्ये गेले आहे, डाइमलर-बेन्झसारखे. वाट कोरडी, पण इंजेक्टर आणि उच्चदाबाचा पंप मूळ गरजेपुरतेच. त्यामुळे मोठी शक्ती हवी असेल, तर कोरड्या इंजिनालाही वेगळे इंधन पुरवावे लागते. तेच जुने प्रश्न नव्या कपड्यांत परत आले आहेत.

२५/
मग निवड कशी करावी? कार्ब्युरेटर असेल, तर वेट, चर्चा संपली. हवेसाठीच घडवलेले मॅनिफोल्ड, लहान वाढ आणि इंजेक्टरमध्ये मोजून सिद्ध झालेली शिल्लक असेल, तर ड्राय. शिल्लक नसेल, तर मोठे इंजेक्टर आणि पंप, किंवा प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी स्वतंत्र नोझल असलेली वेट जोडणी. आणि कोणत्याही पद्धतीत इंधनाचा दाब पडताच नायट्रस बंद करणारा स्विच हवाच. तो घेण्याची ऐपत नसेल, तर नायट्रसची ऐपत नाही असे समजावे.

२६/
रस्त्यासाठी यातले काहीच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८चे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधने घालते, आणि सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे. बंद धावपट्टीवर, मोजमापासह जे करायचे ते करावे.

२७/
शेवटी, इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. भूतकाळातून ‘कोण जिंकले’ एवढेच उचलणे सोपे असते, आणि त्याला टाळ्याही मिळतात. मेसरश्मिटने ड्राय वापरले, मॉस्किटोने वेट. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि एकेकटी दोन्ही निरुपयोगी. ‘का?’ विचारले तरच त्यांना अर्थ येतो, आणि ते ‘का’ दोन्ही वेळा इंजिनाच्या इंधनवाटेत सापडते.

२८/
आपले धागे कोणीतरी वाचते आणि त्यावर विसंबून काहीतरी करते. मित्राच्या इंजिनातला तो पिस्टन आता माझ्या टेबलावर, पुस्तकांवर वजन म्हणून असतो. भोक अंगठ्याएवढे आहे. तो जुना धागा मी काढून टाकलेला नाही. त्याच्याखाली हा जोडते आहे. चूक आणि दुरुस्ती एकत्र वाचता यावीत, म्हणून.

धागा समाप्त.